उभ्या उंचीवरून

भिवंडी,
५ नोव्हेंबर २०२४

अनू,

मायना काय लिहावा यात सकाळचा अर्धा तास गेला. ‘अनेक आशीर्वाद’ लिहायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही ते तू ठरव, तोवर नुसतं अनू. चौतीस वर्षं शाळेच्या कचेरीत पत्रं लिहिली. विषय, संदर्भ, जावक क्रमांक, सगळं बिनचूक. आणि सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायला तेरा वर्षं लागली.

पत्ता मिहिरकडून घेतला. त्याला रागावू नकोस. मामाने मागितला, भाच्याने दिला. फोनच केला असता, पण एक तर तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी काय बोलतोय ते तुला ऐकू येणार नाही. आवाज पार बसलाय. सर्दी नाही, मला पार्किन्सन झालाय. चार वर्षं झाली. आधी उजव्या हाताचा अंगठा नाचायला लागला, मग हात, मग चाल मंदावली. चेहराही म्हणे दगडासारखा झालाय. तुझी वहिनी म्हणते, चांगलंच झालं, आता तुमचं तोंड वाकडं झालेलं दिसत तरी नाही.

हे पान दुरेघी वहीचं आहे हे तू बघितलंच असशील. वही तनयाची, म्हणजे माझ्या नातीची, अनिमेषच्या मुलीची. तिसरीत आहे. साध्या कागदावर लिहायला बसलो की ओळ संपेपर्यंत माझं अक्षर मुंगीएवढं होतं. मला व्यायाम शिकवायला जवळच्या पूर्णा गावाहून ऋतिका नावाची मुलगी येते. तिने हा उपाय सांगितला, ‘काका, वरच्या रेघेला टेकलं पाहिजे आणि खालच्या पण.’ मोठं लिहा, मोठ्याने बोला, मोठी पावलं टाका, एवढंच तिचं शास्त्र. मी आयुष्यभर या तिन्ही गोष्टी टाळल्या, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

डाव्या मनगटाला जरा लागलंय. विशेष काही नाही. लिहिता हात शाबूत आहे म्हणून तर हे पत्र.

आता कामाचं. अनू, तू हाडांची तपासणी करून घे. डेक्सा म्हणतात तिला. दहा मिनिटं आडवं पडायचं, यंत्र वरून फिरतं, सुई नाही की काही नाही. बडोद्यात कुठेही होत असेल. का ते विचारू नकोस. वय सहासष्ट आहे, एवढं कारण पुरे आहे असं समज.

परवा भाऊबीज झाली. वहिनीने दरवर्षीप्रमाणे पाट मांडला आणि दरवर्षीप्रमाणे रिकामाच उचलून ठेवला. मी तेवढा वेळ पेपर वाचत होतो.

तुझा,
दादा (निदान कागदोपत्री)


भिवंडी,
२८ नोव्हेंबर २०२४

अनू,

उत्तर पोचलं. मिहिरने जसंच्या तसं सांगितलं: ‘माझी हाडं माझी मी बघेन. त्याने आईची बघायची होती.’ एक शब्द गाळला नाही पठ्ठ्याने. खरं ते जसंच्या तसं सांगायचा गुण आपल्या घराण्यात कुठून आला कोण जाणे, माझ्याकडून तर नक्कीच नाही.

लागलं मला. पण खरं सांगू? बरंही वाटलं. तेरा वर्षांत तू माझ्यासाठी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मागच्या पत्रात मनगटाला ‘जरा लागलंय’ असं लिहिलं होतं. ते मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर होतं, गेल्या आठवड्यात काढलं. कसा पडलो ते ऐक, तुला हसू येईल.

आपल्या मागच्या गल्लीतली लूमची शेड आठवते ना? तुझ्या मॅट्रिकच्या वर्षी तू कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करायचीस आणि रोज एकदा तरी म्हणायचीस की ही खटखट बंद पडली तर मी गणपतीला एकशेएक मोदक करीन. ती खटखट अजून चालू आहे, आणि आता माझं तिच्यावाचून पान हलत नाही. या आजारात पाय मधेच जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ऐकत नाहीत. दारात तर हमखास. पण लूम चालू असले की त्या ठेक्यावर पाऊल उचलतं. खट, डावा. खट, उजवा. हे मला एके दिवशी असंच लक्षात आलं, ऋतिकाला सांगितलं तर ती म्हणाली, काका, आम्हाला कॉलेजात यासाठी घड्याळासारखं यंत्र लावायला शिकवतात, तुमच्याकडे शंभर लूम आहेत. तेव्हापासून माझं घरातलं फिरणं लूमच्या शिफ्टप्रमाणे. शेडचे मुकादम चाचा गल्लीतून हाक मारतात, ‘क्या चाचा, ड्युटी पे?’ दोघंही एकमेकांना चाचा म्हणतो.

शुक्रवारी लूम बंद असतात. हे मला माहीत नाही असं नाही, जन्म गेला इथे. पण त्या शुक्रवारी स्वयंपाकघराच्या दारात निम्मं पाऊल आत, निम्मं बाहेर असा अडकलो, आणि सवयीने खटक्याची वाट बघत उभा राहिलो. खटका काही आला नाही. पाय जागेवर, अंग पुढे. पायपुसण्यावर आपटलो. बस, एवढंच. जिन्यावरून नाही, गाडीखाली नाही. माझ्या स्वतःच्या उंचीवरून पडलो आणि मनगट काकडीसारखं मोडलं.

ठाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच धरलं. म्हणाले, उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतं तेव्हा दोष नुसता पडण्याचा नसतो, हाडाचा असतो. या आजारात माणूस पडतो जास्त, चालतो कमी, उन्हात जात नाही, वजन उतरतं, आणि हाडं आतून विरळ होत जातात. चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मेंदूचे डॉक्टर माझी थरथर बघतात, हाडांचे डॉक्टर हाड बघतात, आणि दोघांच्या मधे जी जागा आहे तिथे मी पडतो.

मग डेक्सा झाली. आकडा धोक्याच्या रेषेच्या जरासा अलीकडे आला. डॉक्टर कागद भरत होते, भरता भरता प्रश्न विचारत होते. सिगारेट? नाही. दारू? नाही. आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग जोराच्या औषधाची घाई नको, सहा महिने कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम करून बघू.

तेव्हा सध्या असं चाललंय. रोज अकरा वाजता तुझी वहिनी मला गच्चीत नेऊन बसवते, पापड वाळत घालावा तसं. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, सुकट. घरातली सगळी पायपुसणी हद्दपार झाली आहेत. न्हाणीघरात अनिमेषने भिंतीला दांडे बसवलेत. त्याच्या मानकोलीच्या गोदामातल्या माणसांकडून बसवून घेतलेत, त्यामुळे हत्ती लोंबकळला तरी निघायचे नाहीत.

तू तपासणी कर. मोदक राहिले तरी चालतील.

दादा


भिवंडी,
१३ डिसेंबर २०२४

अनू,

आज शुक्रवार. घर शांत आहे, म्हणून मी खुर्चीतून उठणार नाही. हे पत्र संपेपर्यंत तरी नाही.

काल संध्याकाळी मिहिरचा फोन आला. तू सोमवारी न्हाणीघरात पडलीस. चार दिवस जांघेत दुखतंय, लंगडत चालतेस, भिंत धरून स्वयंपाक करतेस आणि त्याने डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतेस, मुका मार आहे, शेकलं की जाईल. तो म्हणाला, मामा, ती माझं ऐकत नाही, तुम्ही दोन पत्रं लिहिलीत त्यात असं काय होतं की तुम्हाला आधीच काळजी वाटत होती? मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो.

मुका मार हा शब्द ऐकला आणि मी वही शोधायला लागलो. आता तुला सांगतो, आणि नीट सांगतो. रागावायचं ते सगळं वाचून झाल्यावर रागाव, पण वाचून झाल्या झाल्या आधी एक्स-रे काढायला जा.

आईला मुका मार नव्हता, अनू. आईचा खुबा मोडला होता.

२०११ चा मे महिना. ती मोरीत भांडी विसळायला वाकली आणि उठताना पडली. तीही उभ्या उंचीवरूनच. तुझी वहिनी तेव्हा माहेरी गेली होती, तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. मी आईला शेजाऱ्यांच्या टेम्पोतून इथल्याच एका दवाखान्यात नेलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरून मला दाखवला. मला कळायला डॉक्टर लागले नाहीत, इतकं ते स्पष्ट होतं. म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. वय एकोणऐंशी, छातीचे ठोके ठीक नाहीत, टेबलावर काहीही होऊ शकतं. पण नाही केलं तर त्या उठणार नाहीत. इथे सही करा.

तुला माहीत आहे मी आयुष्यभर काय केलं. कागद तयार करायचा, फुलीची खूण करायची आणि साहेबांच्या पुढे सरकवायचा. दाखले, रजा, बदल्या, एका मुलाचं नाव शाळेतून कमी करायचा आदेश सुद्धा. चौतीस वर्षांत हजारो सह्या घेतल्या. त्यातली एकही माझी नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा फुलीची खूण माझ्यासाठी होती. मी पेन हातात घेतलं. तेव्हा हात थरथरत नव्हता अनू, तेव्हा मला काही झालेलं नव्हतं. आई टेबलावर गेली तर ‘चिंतामणीने सही केली म्हणून गेली’ एवढंच मला दिसत होतं. मी म्हटलं, चहा घेऊन येतो. आलो आणि म्हटलं, आम्ही मोठ्या हॉस्पिटलात नेतो. आणि तिला घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी शेलार गावच्या चिंधूला बोलावलं, तो हाडं बसवायचा. मला वाटलं तो पाला बांधेल, कामट्या बांधेल, काहीतरी केल्यासारखं होईल. त्याने आईच्या पायाला हात लावला, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय ते बघितलं आणि हात काढून घेतला. मला अंगणात नेऊन म्हणाला, ‘भाऊ, यो माझे हातचा काम न्हाय. खुब्याचा हाड हाय. आजीला ठान्याला न्या, आजच्या आज न्या.’ पैसे दिले तर घेतले नाहीत. चहा पण घेतला नाही. लोक हाडवैद्याला नावं ठेवतात. त्या घरात त्या दिवशी खोटं न बोललेला तोच एक माणूस होता.

मी नेलं नाही. वहिनी परत आली तेव्हा तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले मुका मार आहे, विश्रांती. तुला फोनवर तेच सांगितलं. तू विचारलंस, एक्स-रे काढला का? मी म्हटलं काढला, काही नाही. ती काळी फिल्म मी शाळेत नेऊन दाखल्यांच्या जुन्या रजिस्टरांमागे ठेवली. मी रिटायर झालो त्या वर्षी रजिस्टरं रद्दीत गेली, त्यात तीही गेली.

पहिले आठ दिवस आई कण्हायची. मग तिने कण्हणं सोडलं. एकदा मी पाय चेपायला बसलो तर म्हणाली, ‘चिंतू, हा पाय माझा वाटत नाही रे.’ मी म्हटलं, बरं होईल. चार महिने गेले. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. वहिनीने ते चार महिने कसे काढले ते मी बघितलंय. कूस बदलणं, पुसणं, पावडर, चादरी, सगळं एकटीने. आणि तेराव्याला तू सगळ्यांसमोर तिला म्हणालीस, ‘तुम्हाला माझी आई जड झाली होती, म्हणून तिला उठवलं नाहीत.’

मी तिथेच उभा होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. तू बॅग उचललीस, तरी नाही बोललो.

डेक्साच्या वेळी डॉक्टरांनी खुब्याचं विचारलं तेव्हा वहिनी शेजारच्या खुर्चीत होती. खरं सांगितलं असतं तर तिने तिथेच विचारलं असतं, कधी मोडला? म्हणून नाही म्हणालो. त्या एका नाहीमुळे माझ्या औषधाला सहा महिने उशीर होणार, ते मी समजू शकतो, ते माझं मी भोगीन. पण तो प्रश्न त्यांनी का विचारला ते मी त्यांना विचारून घेतलं होतं. ज्यांच्या आईचा खुबा मोडलेला असतो त्यांच्या मुलांना तोच धोका जास्त असतो. मुलींना तर अधिकच. म्हणून मी पत्रं लिहायला बसलो. तुला इशारा देऊन भागेल, कारण सांगावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं. मी अजून तोच माणूस आहे बघ, फुलीची खूण करून कागद पुढे सरकवणारा.

तुझी आई आणि माझी आई एकच. तिचं हाड तुझ्याही अंगात आहे. तुझा मार मुका नसेल. आजच्या आज एक्स-रे काढ आणि डॉक्टरांना सांग, आईचा खुबा मोडला होता.

इथपर्यंतचं पत्र मी मघाशी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. आवाज निघत नाही, म्हणून ती अगदी जवळ बसली होती. वाचून झाल्यावर ती उठली, चहा केला, मला कप दिला. मग म्हणाली, ‘तेरा वर्षं मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकलं. मी त्यांना नीट उठवायला हवं होतं.’ पुढे ती गच्चीत गेली. आज तिने मला उन्हात नेलं नाही. अनिमेषची बायको मेघाली आता या पानांचे फोटो काढून मिहिरला पाठवते आहे, टपालाची वाट बघायला वेळ नाही. काढताना सुनेने वाचलं असेल. वाचू दे.

चिंतामणी


भिवंडी,
१६ डिसेंबर २०२४

अनू,

मिहिरचा मेसेज आला. खुब्याला चीर आहे, हाड सरकलेलं नाही, उद्या सकाळी तीन स्क्रू घालणार. डॉक्टर त्याला म्हणाले, अजून आठ दिवस अशाच चालल्या असत्या तर सरकलं असतं.

मला पेन खाली ठेवावंसं वाटत नाही आणि लिहायलाही सुचत नाही. अक्षर बघ, दुरेघीतसुद्धा बारीक होतंय. घाबरलो की जास्त होतं. ऋतिका आली होती, तिला म्हटलं आज व्यायाम नको. ती म्हणाली, ‘आत्याचं ऑपरेशन हाय तर तुम्ही बसून काय व्हनार? चला, चालू या.’ तुला आत्या म्हणाली, मला काका म्हणते, नात्याचा काही हिशेब नाही. मग चाललो. अंगणातून दारापर्यंत एकवीस फेऱ्या. कशासाठी एकवीस ते तुला सांगायला नको. देवाला सांगितलंय की त्या मोदकांचा नवस बदलून घे, माझ्या नावावर कर.

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळी घ्या, पाणी प्या, जपून. दोन जानेवारीला ठाण्याला डॉक्टरांकडे जायचं आहे, ती तारीख तिने स्वतः ठरवली. आणि आज दुपारी मिहिरला स्वतः फोन करून विचारत होती, अनूवन्संना भूल कुठली देणार, पाठीत की पूर्ण. तुझं नाव तिच्या तोंडून मी तेरा वर्षांनी ऐकलं.

उद्या काहीही झालं तरी एक गोष्ट मला माहीत आहे. तू माझ्या सांगण्यावरून टेबलावर जाते आहेस. या वेळी मला ते चालेल. मी कुठेही पळणार नाही, फोन हातात घेऊन बसणार आहे. तू बरी हो ग. मला भांड, शिव्या दे, पुन्हा तेरा वर्षं बोलू नकोस, पण चालत राहा.

दादा


बडोदा,
२४ डिसेंबर २०२४

दादा,

तीन स्क्रू आत आहेत. दुसऱ्याच दिवशी उठवून उभं केलं. काल वॉकर घेऊन खोलीतून बाहेर गेले, नर्सच्या टेबलापर्यंत, आणि परत आले. डेक्सा पण केली. माझा आकडा तुझ्याहून वाईट आहे, तेव्हा या बाबतीत तरी मी तुझ्या पुढे गेले. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध लिहून दिलंय.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. ज्या दिवशी मला उभं केलं त्या दिवशी मी इतकी रडले की नर्सला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. एवढं सोपं होतं रे! दोन माणसांनी धरलं आणि मी उभी राहिले. आईला कोणी उभं केलं नाही. चार महिने ती त्या पायाकडे बघत पडून राहिली आणि तुला ते माहीत होतं. हे मी तुला कधीही विसरू देणार नाही, तशी अपेक्षा पण ठेवू नकोस.

पण हेही खरं आहे की तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले होते. मिहिरने फोन पुढे धरला. ‘आईचा खुबा मोडला होता’ एवढं वाक्य वाचलं आणि उठून त्याला म्हटलं, गाडी काढ. पुढचं सगळं गाडीत वाचलं. तू ते वाक्य लिहिलं नसतंस तर मी आज आईच्या जागी असते. तू घाबरट आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे, घाबरत घाबरत लिहिलंस, तरी लिहिलंस. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

वहिनींना मी काल फोन केला. त्यांनी आधी पायाचं विचारलं. मग मी म्हटलं, वहिनी, तेराव्याला मी जे बोलले ते मला परत घ्यायचंय. त्या म्हणाल्या, तुम्ही ज्याच्यावर रागवायला हवं होतं तो माणूस माझ्या मागेच उभा होता, तुम्हाला दिसला नाही, मलाही दिसला नाही. नंतर विचारत होत्या, हॉस्पिटलात जेवण कसं देतात. तुझ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, ‘आहेत. आज गच्चीत नेलं होतं.’ तेव्हा तुझं काही खरं नाही असं समजू नकोस, पण पुढची काही वर्षं भाकरी करपलेली आली तर मुकाट्याने खा.

आता माझं ऐक. दोन तारखेला त्या डॉक्टरांना सगळं सांगायचं. वहिनी शेजारी बसलेल्या असताना सांगायचं, मोठ्याने, ती ऋतिका म्हणते तसं. सहा महिने थांबायचं नाही, औषध चालू करून घ्यायचं. आणि कागदावर आईच्या पुढे माझंही नाव लिहायला सांग.

मला गाडीत बसायची परवानगी मिळायला दोन महिने लागतील. मग मी येणार आहे. तोवर तू पडायचं नाहीस. शुक्रवारी तर खुर्चीतून हलायचं नाही, काय लागेल ते वहिनी हातात देतील. तेरा वर्षांचं भांडण साचलंय माझ्याकडे, आणि अंथरुणात पडलेल्या माणसाशी मला भांडता येत नाही. मी येईन तेव्हा दारात उभा राहा.

अनू